दाब कमी झालाय

पारा सकाळपासून उतरत होता आणि थांबायचं नाव घेत नव्हता. आमचे साहेब माझ्या खांद्यावरून वाकून पाहत होते.

"पुन्हा वाचा, मगदूम."

मी नळीला हलकी टिचकी मारली आणि पुन्हा वाचला. आकडा मघापेक्षा केसभर खालीच होता.

"हं," साहेब म्हणाले. ते वर्षातून एकदा तपासणीला यायचे, यंत्रांवरची धूळ बोटानं पुसून मला दाखवायचे आणि परत जायचे. त्या वेळी मात्र त्यांचं धुळीकडं लक्ष नव्हतं.

मी हवामान खात्यात निरीक्षक होतो. गाव सांगलीकडचं, नदीकाठचं, पण नेमणूक घाटमाथ्यावर. कराडहून चिपळूणकडं जाणारी सडक जिथं घाट उतरायला लागते, तिथं एका टेकाडावर आमची छोटी वेधशाळा होती. वेधशाळा म्हटलं की लोक दुर्बीण शोधतात. आमच्याकडं दुर्बीण नव्हती. अंगणात जाळीची पांढरी पेटी आणि तिच्यात उष्णतामापक, पाऊस मोजायचं नळकांडं, छपरावर वाऱ्याची दिशा दाखवणारा बाण आणि खोलीत भिंतीला पाऱ्याची उभी नळी, म्हणजे बॅरोमीटर. हवेला वजन असतं. ते वजन पाऱ्याला नळीत वर रेटून धरतं, त्यालाच आम्ही हवेचा दाब म्हणतो. हवा हलकी झाली, की रेटा कमी होतो आणि पारा खाली येतो. आमचं सगळं शास्त्र या एका नळीवर उभं होतं. आसपासचे लोक मला वारेमास्तर म्हणत. एका बाईनं तर माझ्यादेखत आपल्या पोराला दम दिला होता, "शाळंला जा, न्हाईतर वारं मोजत बसावं लागंल."

लढाई संपून फार काळ झाला नव्हता. लढाईत हवामानाच्या बातम्या गुप्त असायच्या. कुठं ढग आहेत, कुठं वारा आहे हे शत्रूच्या विमानाला कळू नये म्हणून आम्ही सगळं सांकेतिक आकड्यांत तारेनं कळवायचो आणि बाहेर तोंड मिटून बसायचो. लढाई संपली, स्वराज्य आलं, पण तोंड मिटून बसायची सवय काही सुटली नाही. खात्याचा एक रिवाज होताच. आपण निरीक्षण सांगायचं, सल्ला द्यायचा नाही. दाब किती, वारा कुठला, पाऊस किती, बस. जावं की थांबावं हे ज्याचं त्यानं ठरवावं.

साहेबांचा या रिवाजावर फार जीव. त्यालाही कारण होतं. ऐन हंगामात कुणा निरीक्षकानं मच्छीमारांना समुद्रात जाऊ नका म्हणून परस्पर सांगितलं होतं. होड्या किनाऱ्यावर बसल्या आणि वादळ भलतीकडंच गेलं. त्या माणसाला लोकांनी शिव्या घातल्या आणि खात्यानंही.

घाटाच्या तोंडाशी सडकेचा नाका होता. तिथला नाकेदार मोहिते साताऱ्याकडचा. लढाईत पलटणीच्या लॉऱ्या चालवून आलेला, म्हणून सगळे त्याला हवालदार म्हणत. माणूस मनमोकळा, बोलायला मोठा आणि कुणाचंही काम अडलेलं त्याला बघवत नसे. नाक्यावरून माझ्याकडं हँडल फिरवायचा फोन होता. पण चहाची वेळ झाली की हवालदार फोन न करता स्वतःच यायचा.

आदल्याच आठवड्यात त्यानं मला विचारलं होतं, "मास्तर, त्ये समिंदरातलं तुफान हुतं तरी कसं?"

मला असं कुणी विचारलं की मी सुटायचोच. मी म्हणालो, "पावसाळा संपता संपता समुद्राचं पाणी तापलेलं असतं. त्याची वाफ वर चढते. वर थंडीत तिचे ढग होतात आणि ढग होताना वाफ आपल्यातली ऊब सोडते. त्या उबेनं हवा आणखी हलकी होते, आणखी जोरात वर जाते. खाली जागा रिकामी झाली, की चारी बाजूंनी हवा आत धावते. पण पृथ्वी फिरतेय ना? म्हणून ती सरळ जात नाही, गोल गोल फिरत आत येते, ताक घुसळल्यावर होतं तशी. जितका वेळ खाली गरम पाणी, तितका वेळ हे चालू. जमिनीवर आलं की त्याचं खाणं तुटतं आणि ते मरतं."

"म्हंजी इंजानच की," हवालदार म्हणाला.

"इंजिनच म्हणा. समुद्राची ऊब हा त्याचा कोळसा."

त्याला हे एकदम पटलं. इंजिनातलं त्याला कळत होतं. मलाही बरं वाटलं, चला, एकाला तरी समजलं.

आता धुळाबापूबद्दल. पूर्वेकडच्या कोरड्या मुलखातले धनगर पावसाळा सरला की मेंढरं घेऊन कोकणात उतरतात. त्यांच्या फिरत्या बिऱ्हाडांना वाडा म्हणतात. भात कापलेल्या खाचरांत मेंढरं बसवायची, लेंडीचं खत शेतकऱ्याला आणि बदल्यात धनगराला भात, मेंढरांना चारा. प्रत्येक वाड्याचे तिथले शेतकरी ठरलेले असतात. धुळाबापू अशाच एका वाड्याचा कर्ता. सोबत त्याचा थोरला मुलगा बिरू, बिरूची बायको आणि भावकीतली दोन बिऱ्हाडं. त्या वर्षी त्यांच्याकडं पाऊस झालाच नव्हता. मेंढरांच्या बरगड्या मोजून घ्याव्यात अशा, त्यात माद्या व्यायला लागलेल्या. आईच्या अंगात दूध नाही, म्हणून कोकरं रोज मरत होती. घाटमाथ्यावरचं ओलं गवत त्यांना मानवत नव्हतं. खाली खाडीकाठी त्यांचा शेतकरी वाट पाहत होता. पण आभाळाचा रंग बापूला आवडला नव्हता, म्हणून वाडा नाक्याजवळच्या माळावर थांबलेला.

साहेब यायच्या आदल्या दिवशी बापू माझ्याकडं वर आला होता. खांद्यावर घोंगडी, कडेवर एक मरतुकडं कोकरू.

"मास्तर, उतरावं का नगं?"

कराडच्या तारघरातून मला तेवढ्यातच कळलं होतं, की दूर समुद्रात काहीतरी जमतंय. पण जमतंय म्हणजे येईलच असं नसतं. मी म्हणालो, "बापू, एक दिवस द्या. उद्या पारा बघतो आणि नाक्यावर निरोप देतो."

"बिरू लय घाई करतुय. कोकरं मरत्यात म्हनं. पर मी म्हनलं, मास्तरांचा निरोप आल्याबिगर मेंढरू हलायचं न्हाई."

तो शब्दाचा पक्का होता. निरोप येईपर्यंत हलला नाही, हे मला पुढं कळलं.

तर आता पारा उतरत होता. वारा पूर्वेकडून होता. घाटावर त्या दिवसांत असा वारा चांगला नव्हे. देशावरची हवा समुद्राकडं ओढली जातेय, म्हणजे तिकडं कुणीतरी ओढणारं बसलंय. दुपारी कराडहून तारेचा मजकूर फोनवर वाचून दाखवला. वादळ रत्नागिरीच्या समोर, किनाऱ्याकडं वळण्याची शक्यता, बंदरांना इशारा दिला. बंदरांना इशारा म्हणजे तिथं काठीवर बावटा चढवतात. तो दिसला की होड्या वर काढायच्या.

"साहेब, नाक्यावर धनगर बसलेत," मी म्हणालो. "त्यांना उतरू नका म्हणून सांगतो."

"मगदूम, आपला इशारा बंदरांना असतो. घाटावर वादळ येत नाही."

"पण ते घाटावर राहणार नाहीत ना. खाली खाडीला जाणार."

साहेबांनी पुन्हा एकदा नळीकडं पाहिलं. मग म्हणाले, "निरीक्षण सांगा. सल्ला नको. उद्या वादळ गुजराथकडं गेलं आणि त्यांची मेंढरं इथं उपाशी मेली, तर जबाब तुम्ही देणार का मी?"

साहेब शेजारीच उभे होते. मी हँडल फिरवलं. वाऱ्यानं तारेत नुसती खरखर होती.

"हवालदार, धुळाबापूला निरोप द्या. दाब कमी झालाय."

"काय?"

"दाब. हवेचा दाब. कमी झालाय, फार कमी."

"प्रेशर म्हनताय व्हय?"

"हां, प्रेशर. एकदम उतरलंय. लगेच सांगा त्यांना."

"सांगतो, सांगतो. लय ब्येस," हवालदार म्हणाला आणि फोन मेला.

'लय ब्येस' माझ्या कानाला खटकलं. पण हवालदार कशालाही लय ब्येस म्हणायचा. मी हँडल पुन्हा फिरवून पाहिलं. तार कुठंतरी तुटली होती. साहेब म्हणाले, "झालं ना सांगून?" आणि आम्ही पुढच्या नोंदीला लागलो. पाऊस सुरू झाला तो आडवा.

दुसऱ्या दिवशी पारा इतका खाली, की त्या नळीत तितका खाली मी तो कधी पाहिला नव्हता. फोन बंद, म्हणजे माझे आकडे कराडला जाणार कसे? नाक्यावर येणाऱ्या एखाद्या मोटारीबरोबर कागद धाडू म्हणून मी आणि साहेब भिजत खाली गेलो. माळावर वाडा नव्हता. तीन दगडांच्या चुली तेवढ्या होत्या, पावसानं विझलेल्या.

हवालदार कंदिलाची काच पुसत बसला होता. आम्हाला बघून खूश झाला.

"धनगर कुठंत?" मी विचारलं.

"गेलं की कालच. तुमचा निरोप दिला आन् लगेच हाललं. वारं पाठीवर हुतं, मेंढरं भरभर उतरली. आज सांजच्याला खाडीवर पोचत्याल."

"निरोप काय दिलात?"

"तुमी म्हनला त्योच. प्रेशर कमी झालंय." माझं तोंड पाहून त्याचा हात थांबला. "इंजानातलं प्रेशर उतरलं म्हंजी धोका टळला न्हवं का? तुमीच म्हनला हुता, त्ये इंजान हाय म्हनून."

मी त्याला काय बोललो ते नीट आठवत नाही. एवढं कळलं, की मला ओरडायला कुणाची चूक सापडत नव्हती. लॉरीच्या रेडिएटरला, बॉयलरला, रागाला, तापाला, कशालाही विचारा. कमी झालं म्हणजे बरं झालं. सगळ्या मराठी मुलखात कमी झालेला दाब चांगलाच असतो. एका आमच्या खात्यात तेवढा तो वाईट.

"आवं मास्तर, मग आता?" हवालदार म्हणाला. उत्तराला न थांबता त्यानं पोतं डोक्यावर घेतलं आणि घाट उतरायला लागला. मी त्याच्या मागं. साहेबांनी मला अडवलं नाही. त्यांनी आपला रेनकोट काढून माझ्या हातात दिला.

आम्ही निम्मा घाट उतरलो असू. पुढं दरड आलेली, सडकेचा पत्ता नाही, वरून पाण्याबरोबर धोंडे येतायत. हवालदार त्या चिखलात छातीपर्यंत शिरला. मी त्याला ओढून काढला. तो पुन्हा शिरला. पुन्हा ओढला. "सोड मला, गड्या," तो म्हणत होता. मला एरवी तो कधी अरे-तुरे करत नसे. खाली खोऱ्यात काही दिसत नव्हतं. वाऱ्याचा आवाज तेवढा होता. आम्ही अंधार पडायच्या आत मागं फिरलो. फिरायलाच हवं होतं, पण त्या मागं फिरण्याचं जे वाईट वाटलं ते आजही वाटतं.

दरड मोकळी झाल्यावर आम्ही दोघं खाडीला गेलो. कोकण मी त्याआधी पाहिलेलं होतं. हे ते नव्हतं. माड आणि पोफळी सगळ्या एकाच दिशेला झोपलेल्या. कौलं विहिरीत, होडी झाडात. कापून रचलेलं भात कुठल्या कुठं गेलेलं. आणि सगळ्याला खाऱ्या पाण्याचा आणि कुजक्या मासळीचा वास.

किनाऱ्यावरची माणसं वाऱ्यानं जितकी मरतात, त्यापेक्षा जास्त पाण्यानं मरतात. वादळाच्या पोटात हवा हलकी असते, म्हणून तिथं समुद्र थोडा फुगतो. पण खरा घात वारा करतो. तो पाण्याला किनाऱ्याकडं ढकलत आणतो. उघड्या किनाऱ्यावर ते पसरतं तरी. खाडीत शिरलं, की दोन्ही काठांमध्ये ते आवळलं जातं आणि वर चढतं. त्यात भरती असली तर मग बोलायलाच नको. खाडीकाठची खाचरं बांध घालून समुद्राकडून मिळवलेली असतात. बांध फुटले, की समुद्र आपली जमीन परत घेतो. मग त्या जमिनीत मीठ बसतं आणि भात पिकत नाही.

धुळाबापूचा शेतकरी गोविंद म्हणून होता. त्याचं घर उंचावर, म्हणून उभं होतं. तो आम्हाला बघून हात जोडून उभा राहिला, जणू त्याचाच गुन्हा होता.

"बंदरावर बावटा चढवलानी होता," तो म्हणाला. "आमी व्हड्या वर काढल्या, पोरांना वर आणला. आणि संध्याकाळी हे मेंढरा घेऊन हजर. मी म्हटला, घाटावरना आलेत, तिथं सरकारी माणूस हाय, इचारून आले असतील. त्यांना म्हायती असेल आमच्यापेक्षा."

त्यांनी नेहमीच्या खाचरात मेंढरं बसवली होती. बायका-पोरं गोविंदच्या पडवीत. बापू आणि बिरू मेंढरांपाशी. पाणी आलं तेव्हा बापूनं बिरूला वर ओढलं होतं. बिरू वर आलाही होता. मग खाली कोकरं ओरडायला लागली. त्याच कोकरांसाठी तो इतके दिवस घाई करत होता. तो परत उतरला.

बापू बांधाच्या उरलेल्या तुकड्यावर बसला होता. मेंढरांची उरलेली एक लहानशी टोळी त्याच्याभोवती. बिरूचं सगळं करून झालं होतं. सून आत भिंतीकडं तोंड करून बसली होती. मला बघून बापू उठला. मला वाटलं, आता काठी उचलेल. मी मार खायला उभा राहिलो असतो.

"मास्तर, दाब कमी झाला म्हनून तुमीच सांगितलं न्हवं?"

"हो, बापू."

"मग कमी झाला हुता का न्हाई?"

"झाला होता."

मी त्याला समजावून सांगितलं. हवेचं वजन, पारा, रिकामी जागा, सगळं. बोलताना मला माझाच आवाज नकोसा झाला. त्यानं शेवटपर्यंत ऐकलं.

"म्हंजी तुमच्यात कमी म्हंजी जास्त व्हय?"

"तसंच म्हणा."

"मग जास्त का न्हाई म्हनला?"

हवालदार तिथंच चिखलात खाली बसला आणि रडायला लागला. लढाई बघून आलेला माणूस. "बापू, म्या सांगितलं. मास्तरांनी न्हाई. माज्या तोंडानं ग्येलं त्ये," तो परत परत म्हणत होता. बापूनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. माझ्या पाठीवर नाही. मला ते लागलं आणि ते बरोबरच होतं असंही वाटलं.

साहेबांनी पुण्याला खात्याच्या मुख्य कचेरीत कळवलं आणि तिकडून उत्तर आलं, की निरीक्षण अचूक होतं आणि वेळेवर दिलं गेलं होतं. ते खरं आहे. मी आकडा चुकीचा वाचला नाही, हे आजही कुणासमोरही सांगेन. साहेबांनी ते उत्तर मला वाचून दाखवलं आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "मगदूम, तुम्हाला त्या दिवशी मी बोलू द्यायला हवं होतं." साहेबांच्या तोंडून असलं वाक्य मी पुन्हा कधी ऐकलं नाही. मीही त्यांना जाऊ द्या म्हणालो नाही.

हवालदारानं पुढं बदली मागून घेतली आणि तो साताऱ्याला गेला. गोविंदच्या खाचरात मीठ बसलं, तिथं कुणी मेंढरं बसवायला बोलवेना. धुळाबापूनं उरलेली मेंढरं भावकीला दिली आणि सुनेला घेऊन तो कराडच्या बाजूला कुणाच्या तरी उसाच्या मळ्यावर राखणीला राहिला. एकदा बाजारात दिसला. मी ओळख दिली. तोही थांबला, तब्येत विचारली, माझ्या पोरांची चौकशी केली. निघताना म्हणाला, "मास्तर, राग न्हाई. पर तुमी नुसतं 'बापू, थांब' म्हनला असता, तर मी का म्हनून बी इचारलं नसतं."

नंतर नोकरीत ज्या ज्या ठिकाणी मला कुणी हवेबद्दल विचारलं, तिथं मी आधी जा किंवा थांब म्हणालो आणि आकडा मागितलाच तर नंतर दिला. त्यासाठी मला दोनदा समज मिळाली. कितीदा तरी मी थांबवलेली माणसं विनाकारण थांबली आणि मला नावं ठेवून गेली. त्यांच्या शिव्या मी आनंदानं खाल्ल्या, कारण त्या द्यायला ती माणसं परत आली होती.